आवर्तनांमधला मजकूर

जनुकसंपादनाचा, म्हणजे सजीवाच्या पेशीतील डीएनएमध्ये ठरवलेल्या नेमक्या जागी बदल करण्याच्या तंत्राचा, इतिहास बहुधा २०१२ या वर्षापासून सांगितला जातो. त्या वर्षीच्या जून महिन्यात एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी जीवाणूंमधील एका प्रथिनाकडून हव्या त्या ठिकाणी डीएनए कापून घेता येतो हे प्रयोगाने दाखवले, आणि त्याबद्दल २०२० साली दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन ज्या यंत्रणेचा भाग आहे तिला ‘क्रिस्पर’ म्हणतात. ही यंत्रणा सूक्ष्मजीवांच्या जगात दूरवर पसरलेली आहे, ती विषाणूंपासून त्यांचे रक्षण करते आणि पूर्वी येऊन गेलेल्या शत्रूची आठवण ती डीएनएतच लिहून ठेवते, हे सर्व मात्र २०१२ च्या बरेच आधी उलगडत गेले होते. या उलगड्याच्या केंद्रस्थानी स्पेनमधील अलिकान्ते विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को मोहिका होते. त्यांनी डीएनए कापणारी ही कात्री घडवली नाही. तिचा ठावठिकाणा ज्या मजकुरात दडलेला होता तो मजकूर, इतरांना निरर्थक वाटत असताना, त्यांनी वाचून काढला.

अशा कात्रीची गरज का होती हे आधी पाहायला हवे. डीएनए म्हणजे ए, टी, जी आणि सी अशा चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब ओळ. मानवाच्या जनुकसंचात, म्हणजे संपूर्ण आनुवंशिक मजकुरात, अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. हा मजकूर कापण्याची पहिली अवजारे १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या हाती आली. त्यांना ‘रिस्ट्रिक्शन एंझाइम’ म्हणतात, आणि तीही मुळात विषाणूंविरुद्ध जीवाणूंनी बाळगलेली शस्त्रेच होती. त्यांच्या शोधाबद्दल वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळाले. मात्र ही एंझाइमे आपापला ठरलेला, मोजक्या अक्षरांचा क्रम दिसेल तिथे काप घेतात, आणि एवढा छोटा क्रम मानवी जनुकसंचात हजारो ठिकाणी येत असल्याने एकाच जागी नेम धरण्यासाठी त्यांचा उपयोग नव्हता. १९९० च्या दशकात मारिया जेसिन यांच्या प्रयोगांवरून असे दिसले की पेशीतील डीएनए एका जागी तोडला तर पेशी ती तूट सांधू लागते आणि सांधकाम चालू असताना तिथे बदल घडवणे पुष्कळ सोपे जाते. त्यानंतर ‘झिंक फिंगर’ आणि ‘टॅलेन’ या नावांची कृत्रिम प्रथिने तयार झाली. पण त्यांत प्रत्येक नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे, आणि ते काम इतके किचकट व खर्चिक होते की मोजक्याच प्रयोगशाळांना ते झेपत असे. पत्ता बदलला की सगळे अवजारच बदलावे लागत होते, हीच खरी अडचण होती.

त्या अडचणीचे उत्तर जिथे होते तिथे ते कोणी शोधत नव्हते. १९८७ साली जपानच्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी, आत्सुओ नाकाता यांच्या मार्गदर्शनाखाली, एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय, या आतड्यातील जीवाणूच्या ‘आयएपी’ नावाच्या एका जनुकाचा क्रम वाचत होते. जनुक संपल्यानंतरच्या भागात त्यांना २९ अक्षरांचा एकच तुकडा पाच वेळा आलेला दिसला, आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये ३२ अक्षरांचा वेगवेगळा मजकूर होता. डीएनएत पुनरावृत्ती नवी नव्हती. पण अशी मोजूनमापून अंतर राखणारी पुनरावृत्ती सहसा आढळत नसे. या रचनेचे जैविक महत्त्व कळत नाही, अशी प्रांजळ नोंद ओसाकाच्या संशोधकांनी केली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८९ साली, मोहिका यांनी अलिकान्ते विद्यापीठात पीएच.डी.चे काम सुरू केले. त्यांचा जन्म १९६३ चा, जवळच्याच एल्चे शहरातला. विद्यापीठापासून थोड्या अंतरावर सांता पोला येथे समुद्रकाठी विस्तीर्ण मिठागरे आहेत, आणि तिथल्या कोंडींत पाणी आटत जाऊन मिठाचे प्रमाण समुद्राच्या अनेक पट झाले तरी त्यात सुखाने राहणारे सूक्ष्मजीव असतात. हॅलोफेरॅक्स मेडिटेरानेइ हा त्यांपैकी एक. दिसायला जीवाणूसारखा, पण वंशाने ‘आर्किया’ नावाच्या वेगळ्या शाखेतला हा सूक्ष्मजीव मोहिका यांचे मार्गदर्शक फ्रान्सिस्को रोद्रिगेस-वालेरा यांनी याच मिठागरांतून वेगळा केला होता. भोवतालच्या पाण्यातील मीठ कमीजास्त झाले की या जीवाच्या डीएनएवर रिस्ट्रिक्शन एंझाइमांचे काप वेगळ्या रीतीने पडतात असे दिसले होते. ज्या तुकड्यांत हा फरक दिसत होता त्यांचा क्रम वाचून त्यामागचे कारण शोधणे, हा मोहिका यांच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे प्रश्न मिठाचा होता. रोगप्रतिकाराचा किंवा जनुकसंपादनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्या काळी डीएनएचा क्रम वाचणे हे डोळ्यांचे काम होते. किरणोत्सर्गी खूण लावलेले डीएनएचे तुकडे एका पातळ जेलमधून विजेच्या साहाय्याने सरकवले जात, मग त्या जेलवर क्ष-किरणांसाठी वापरतात तशी फिल्म ठेवली जाई, आणि फिल्म धुतल्यावर चार पट्ट्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या काळ्या रेघा उमटत. कोणत्या पट्टीतली रेघ आधी येते ते खालून वर पाहत जाऊन एकेक अक्षर वहीत उतरवावे लागे. मोहिका यांनी तपासलेल्या पहिल्याच तुकड्यात एक नक्षी पुन्हा पुन्हा दिसू लागली. ३० अक्षरांचा एक क्रम, त्यापुढे सुमारे ३६ अक्षरांचा दुसराच मजकूर, मग पुन्हा तोच ३० अक्षरांचा क्रम, असे ते चालले होते. शिवाय ३० अक्षरांच्या क्रमाची दोन टोके एकमेकांची प्रतिबिंबे होती. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. डीएनएला एकमेकांसमोर बसणारे दोन धागे असल्यामुळे तिथे उलट वाचन समोरच्या धाग्यावर करायचे असते एवढाच फरक. हे काम १९९३ साली प्रसिद्ध झाले. संदर्भ शोधताना मोहिका यांच्या हाती ओसाकाचा शोधनिबंध लागला, आणि त्यांच्या शोधाला खरी दिशा इथे मिळाली. आतड्यातला जीवाणू आणि मिठागरातला आर्किया यांचे पूर्वज शेकडो कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत. इतक्या दूरच्या दोन जीवांत एकाच घाटाची रचना असेल तर ती योगायोगाने टिकलेली नाही, तिला काहीतरी काम असले पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

ते काम कोणते, याविषयीचा त्यांचा पहिला तर्क चुकला. १९९५ च्या शोधनिबंधात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की पेशीचे विभाजन होताना डीएनएच्या प्रती दोन्ही पिल्लू-पेशींत नीट वाटल्या जाव्यात यासाठी ही आवर्तने उपयोगी पडत असावीत. त्याला आधारही होता, कारण जवळच्या जातीच्या एका सूक्ष्मजीवात या आवर्तनांच्या जादा प्रती घातल्या तेव्हा त्याचे विभाजन बिघडलेले दिसले होते. पुढे ही उपपत्ती मागे पडली. परंतु ती मांडताना या रचनेला काम आहे हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि ते गृहीतक बरोबर ठरले. परदेशात, काही काळ ऑक्सफर्डमध्येही, संशोधन करून ते १९९७ साली अलिकान्तेला परतले. तिथे त्यांच्याकडे मोठे अनुदान नव्हते आणि मोठी प्रयोगशाळाही नव्हती. मात्र याच सुमारास एकामागून एक सूक्ष्मजीवांचे संपूर्ण जनुकसंच वाचून होऊ लागले होते आणि ते कोणालाही पाहता येतील अशा सार्वजनिक संग्रहांत ठेवले जात होते. ज्याच्याकडे संगणक, चिकाटी आणि नेमका प्रश्न होता त्याला घरबसल्या शेकडो जीवांचा मजकूर वाचता येणार होता, आणि या बदललेल्या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग मोहिका यांनी करून घेतला.

२००० सालापर्यंत त्यांना हीच रचना सुमारे २० सूक्ष्मजीवांत सापडली होती, आणि त्यांत क्षयाचे व प्लेगचे जंतूही होते. क्षयाच्या जंतूतील आवर्तने तर आधीपासून उपयोगातही होती. क्षयजंतूच्या दोन वाणांमध्ये आवर्तने सारखी असली तरी त्यांच्या मधल्या तुकड्यांपैकी कोणते आहेत आणि कोणते गळाले आहेत यात फरक असतो, आणि तो फरक बोटांच्या ठशांप्रमाणे वापरून वाण ओळखण्याची ‘स्पोलिगोटायपिंग’ ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. मुंबईतील क्षयरुग्णांकडून मिळालेल्या जंतूंचा अभ्यासही पुढे याच पद्धतीने झाला. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळा मधल्या तुकड्यांचा ठसा रोज उमटवत होत्या, पण तो ठसा मुळात कशाचा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. या रचनेला प्रत्येक गट आपापल्या नावाने संबोधत असल्याने गोंधळही होता. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील रूड यान्सेन यांच्याशी पत्रव्यवहार करताना २००१ मध्ये मोहिका यांनी ‘क्रिस्पर’ हे नाव सुचवले. ठरावीक अंतराने पुंजक्यात येणारी, विलोम वाचता येणारी छोटी आवर्तने, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे होत. यान्सेन यांनी २००२ साली ते छापले आणि त्याच शोधनिबंधात, या आवर्तनांच्या शेजारी काही जनुके हटकून आढळतात, असेही दाखवून दिले. ‘क्रिस्परशी संबंधित’ या अर्थाने त्या जनुकांना ‘कॅस’ म्हणू लागले. पुढे जगाच्या तोंडी झालेले नाव आणि त्या नावाखालच्या यंत्रणेचे दोन्ही भाग अशा रीतीने एकत्र आले.

तोवरच्या साऱ्या अभ्यासाचे लक्ष आवर्तनांवर खिळलेले होते, आणि ते स्वाभाविकही होते, कारण जे पुन्हा पुन्हा येते तेच डोळ्यांत भरते. मधले तुकडे, ज्यांना आता ‘अंतरखंड’ म्हणता येईल, प्रत्येक जागी वेगळे असल्यामुळे दोन खांबांमधल्या भरावासारखे समजले जात. मोहिका यांनी २००३ साली ही पाहण्याची रीत उलटी केली. आवर्तने कशासाठी आहेत हा प्रश्न बाजूला ठेवून अंतरखंड कुठून आले हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अलिकान्तेच्या कडक उन्हाळ्यात आणि सुट्टीच्या दिवसांत, ते थंडगार खोलीत संगणकासमोर बसून एकेक अंतरखंड सार्वजनिक संग्रहातील सर्व ज्ञात क्रमांशी ताडून पाहू लागले. असा शोध त्यांनी पूर्वीही घेतला होता आणि हाती काही आले नव्हते. पण संग्रह रोज वाढत होता, त्यामुळे काल न मिळालेली जुळणी आज मिळण्याचा संभव होता.

ई. कोलायच्या एका वाणातील अंतरखंड ‘पी१’ नावाच्या विषाणूच्या क्रमाशी जुळला. जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना ‘फेज’ म्हणतात, आणि पी१ हा ई. कोलायच्या अनेक वाणांना बाधणारा फेज आहे. परंतु ज्या वाणात हा अंतरखंड होता त्याला पी१ची बाधा होत नाही, अशी नोंद आधीपासूनच होती. एका जुळणीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून मोहिका यांनी पुढच्या आठवडाभरात सुमारे ४,५०० अंतरखंड तपासले. त्यांपैकी ८८ अंतरखंडांचे कोणत्या ना कोणत्या ज्ञात क्रमाशी साम्य निघाले, आणि या ८८ पैकी सुमारे दोन-तृतीयांश हे तो अंतरखंड बाळगणाऱ्या जीवाशीच संबंधित विषाणूंशी, किंवा एका पेशीतून दुसऱ्या पेशीत शिरणाऱ्या ‘प्लाझ्मिड’ नावाच्या डीएनएच्या कड्यांशी, जुळणारे होते. याचा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानात आला. पूर्वी घरात घुसलेल्या चोराचे छायाचित्र पोलीस चौकीच्या फलकावर लावून ठेवावे, तसे सूक्ष्मजीव आपल्या शत्रूच्या डीएनएचा छोटा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवत होते. आवर्तने ही केवळ त्या छायाचित्रांची चौकट होती. एकपेशीय जीवाला अनुभवातून येणारी आणि पुढच्या पिढीला वारशाने मिळणारी प्रतिकारशक्ती असू शकते, असा याचा अर्थ होता, आणि तशी कल्पना तोवर कोणी गंभीरपणे केलेली नव्हती.

शोध जेवढा मोठा, तेवढा त्याचा स्वीकार अवघड ठरला. ऑक्टोबर २००३ मध्ये मोहिका यांनी आपला शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवला. मूळ कल्पना आधीच माहीत असलेली आहे असे कारण देऊन तो परीक्षकांकडे न पाठवताच परत करण्यात आला. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने त्यात पुरेसे नावीन्य आणि महत्त्व नसल्याचे ठरवले, आणि आणखी दोन नियतकालिकांनीही तो नाकारला. अखेर ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर इव्होल्यूशन’ने, दीर्घ फेरतपासणीनंतर, फेब्रुवारी २००५ मध्ये तो छापला. नकारामागचे कारण समजण्यासारखे होते, कारण या निबंधात एकही प्रत्यक्ष प्रयोग नव्हता. होती ती केवळ अक्षरांची जुळणी आणि त्यावरून बांधलेले अनुमान. तरीही विलंबाची किंमत पडली. त्याच वर्षी फ्रान्समधील दोन गट स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाजवळ पोहोचले. त्यांपैकी जिल व्हेर्नो यांचा गट प्लेगच्या जंतूंच्या वाणांवर काम करत होता. अलेक्झांडर बोलोतिन यांच्या गटाने दुधाच्या विरजणातील जीवाणूत एक मोठे कॅस प्रथिन नोंदवले होते आणि हेच प्रथिन पुढे ‘कॅस९’ या नावाने प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या फेऱ्यांत मोहिका यांची आघाडी काही आठवड्यांवर येऊन ठेपली होती; नंतरच्या श्रेयाच्या चर्चेत त्यांची बाजू दुबळी पडण्याचे हे एक कारण आहे.

प्रयोगाचा पुरावा दुसरीकडून आला, आणि तो विरजणातूनच यावा हे साहजिक होते. दही आणि चीज यांच्या कारखानदारीत स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जीवाणू टनावारी वापरला जातो, आणि फेजची साथ आली की दुधाच्या टाक्याच्या टाक्या वाया जातात. त्यामुळे जीवाणूंच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्न तिथे रोजच्या व्यवहाराचा होता. डॅनिस्को या कंपनीतील फिलिप ऑर्व्हात, रोडोल्फ बारांगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००७ मध्ये दाखवले की फेजच्या हल्ल्यातून वाचलेल्या जीवाणूंच्या क्रिस्पर-रांगेत त्याच फेजचे नवे अंतरखंड दाखल झालेले असतात, ते अंतरखंड काढून टाकले की प्रतिकार नाहीसा होतो, आणि ते नव्याने घातले की प्रतिकार येतो. मोहिका यांचे अनुमान अशा रीतीने सिद्ध झाले. अलिकान्तेत ते सिद्ध होऊ न शकण्यामागे एक दुर्दैवी योग होता. तिथे हाताशी असलेल्या ई. कोलायमध्ये ही यंत्रणा प्रयोगशाळेतील नेहमीच्या परिस्थितीत दबलेली, जवळजवळ झोपलेली असते, हे काही वर्षांनी इतरांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

यापुढच्या पाच वर्षांत यंत्रणेचे भाग एकेक करून सुटे होत गेले. नेदरलँड्समध्ये जॉन व्हॅन डर ऑस्ट यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की अंतरखंडांवरून आरएनएचे छोटे तुकडे तयार होतात, म्हणजे डीएनएतील मजकुराच्या सुट्या, फिरत्या नकला तयार होतात, आणि त्या नकलाच कॅस प्रथिनांना शत्रूपर्यंत नेतात. त्याच वर्षी अमेरिकेत लुचियानो मार्राफिनी आणि एरिक सॉन्थाइमर यांनी या यंत्रणेचे लक्ष्य डीएनए असते हे सिद्ध केले, आणि अशी यंत्रणा जीवाणूंच्या बाहेरही उपयोगी पडू शकेल अशी शक्यता नोंदवली. २०१० मध्ये कॅनडातील सिल्व्हां मोइनो यांच्या गटाने काप नेमका कुठे पडतो ते दाखवले. या साखळीत मोहिका यांचीही एक महत्त्वाची कडी आहे. यंत्रणा शत्रूचा डीएनए कापते, तर मग स्वतःच्या डीएनएत जपलेला तोच मजकूर का कापत नाही, या कोड्याचा एक धागा त्यांनी २००९ साली पुढे आणला. विषाणूच्या डीएनएत लक्ष्याला लागून दोनतीन अक्षरांची एक खूण असते, तिला त्यांच्या गटाने ‘पॅम’ असे नाव दिले. जीवाणूच्या स्वतःच्या क्रिस्पर-रांगेत ती खूण नसते, म्हणून स्मृती सुरक्षित राहते आणि शत्रू मात्र ओळखला जातो. आज जनुकसंपादनासाठी लक्ष्य निवडणारा प्रत्येक संशोधक आधी पॅम कुठे आहे ते पाहतो.

२०११ मध्ये शार्पेंतिए यांनी घशाला आणि त्वचेला बाधणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेस या जीवाणूत आणखी एका छोट्या आरएनएचा शोध लावला. त्याच्याशिवाय कॅस९ ला काम करता येत नाही, असे दिसून आले. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तो रिकोतील सान हुआन येथील परिषदेत त्यांची आणि बर्कलीच्या डाउडना यांची भेट झाली. शार्पेंतिए यांच्याकडे जीवाणूंची जाण होती, डाउडना यांच्याकडे आरएनएच्या रचनेची. आणि क्रिस्टॉफ खिलिन्स्की व मार्टिन यिनेक या तरुण सहकाऱ्यांच्या हातांनी दोन्ही प्रयोगशाळांचे काम एकत्र आले. २८ जून २०१२ रोजी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दोन आरएनए जोडून एकच ‘वाटाड्या आरएनए’ तयार केला होता, आणि त्यातील २० अक्षरे बदलली की कॅस९ नव्या पत्त्यावर जाऊन काप घेते हे दाखवले होते. प्रथिन तेच राहत होते, पत्ता तेवढा बदलत होता. झिंक फिंगरच्या काळातली अडचण दूर झाली होती. लिथुआनियातील व्हिर्गिनियुस शिक्श्निस यांनीही याच प्रकारचे काम स्वतंत्रपणे केले होते. पण एका नियतकालिकाने ते परत पाठवल्यामुळे ते सप्टेंबरमध्ये उजेडात आले. जानेवारी २०१३ मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या गटांनी मानवी पेशींतही ही कात्री चालते हे दाखवले, आणि क्रिस्पर जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले.

श्रेयाचे वाटप मात्र सरळ झाले नाही. पेटंटच्या हक्कासाठी अमेरिकेतील डाउडना यांचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि झांग यांची ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्यात अनेक वर्षे लढा चालला, आणि त्या लढ्यात मोहिका यांचा प्रश्नच येत नव्हता, कारण निसर्गात काय आहे हे सांगण्याचे पेटंट मिळत नाही. २०१७ साली स्पेनमधील बीबीव्हीए प्रतिष्ठानचा सन्मान त्यांना शार्पेंतिए आणि डाउडना यांच्यासोबत मिळाला, आणि त्याच वर्षीच्या अमेरिकेतील अल्बनी पारितोषिकाच्या पाच मानकऱ्यांतही ते होते. नोबेल पारितोषिक एका विषयात जास्तीत जास्त तिघांना देता येते. २०२० मध्ये ते दोघींनाच देण्यात आले. तिसरी जागा रिकामी राहिल्याने स्पेनमध्ये हळहळ व्यक्त झाली, परंतु त्या निवडीमागचा विचारही लक्षात घ्यायला हवा. नोबेल जनुकसंपादनाची पद्धत विकसित करण्यासाठी होते, आणि मोहिका यांनी जनुकसंपादन केलेले नाही. त्यांच्या कामाचे स्थान त्याआधीच्या पायरीवर आहे, आणि त्या पायरीचे मोल ठरवायला पारितोषिकाचे माप अपुरे पडते.

या शोधाचे परिणाम मात्र माणसांच्या आयुष्यापर्यंत पोहोचले आहेत, आणि त्यांना दोन बाजू आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञ हे ज्यानक्वी यांनी गर्भावस्थेपूर्वीच जनुक बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली तेव्हा जगभरातून निषेध झाला, कारण असा बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि त्याची वैद्यकीय गरजही नव्हती. पुढे चीनच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. दुसऱ्या बाजूला सिकलसेल या रक्तविकारावरील ‘कॅसजेव्ही’ हा क्रिस्परवर आधारलेला पहिला उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मंजूर केला. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. कॅसजेव्हीत रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी शरीराबाहेर काढून, जन्मानंतर बंद होणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा काप घेतला जातो आणि त्या पेशी परत सोडल्या जातात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांच्या आदिवासी व दलित वस्त्यांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे, आणि तिथल्या कुटुंबासाठी हा आकडा म्हणजे उपचार नसल्यासारखाच आहे. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी ‘बिरसा १०१’ हा देशी क्रिस्पर-उपचार विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले; तो उपचार अशा वस्तीपर्यंत किती लवकर आणि किती स्वस्तात पोहोचतो यावर या शोधाचे इथले मोल ठरेल.

ओसाकापासून सांता पोलापर्यंत आणि विरजणाच्या टाकीपासून बर्कलीपर्यंतच्या या साखळीत जनुकसंपादनाचे उद्दिष्ट ठेवून निघालेले फारच थोडे होते. कोणी जनुकाचा क्रम वाचत होते, कोणी क्षयाचे आणि प्लेगचे वाण ओळखत होते, कोणी दही नासू नये म्हणून धडपडत होते. त्या सर्वांमध्ये मोहिका यांचे वेगळेपण असे की, इतरांनी वाटेत दिसलेली रचना नोंदवून पुढचा रस्ता धरला तेव्हा ते तिच्यापाशीच थांबले, चुकीचा तर्क मांडूनही प्रश्न सोडला नाही, आणि अखेरीस डोळ्यांत भरणाऱ्या आवर्तनांवरून नजर हटवून त्यांच्या मधल्या अक्षरांकडे वळवली. २००३ च्या त्या आठवड्यात तपासलेल्या सुमारे ४,५०० अंतरखंडांपैकी ४,४०० हून अधिक अंतरखंडांना कोणतीही जुळणी मिळाली नव्हती, आणि त्यानंतर संग्रह कित्येक पटींनी वाढले असले तरी आजवर वाचल्या गेलेल्या बहुसंख्य अंतरखंडांचे मूळ अजून अज्ञातच आहे. ते ज्या विषाणूंचे आहेत त्यांची ओळख माणसाला व्हायची आहे. सूक्ष्मजीवांना ती आधीच झालेली आहे.